टिपरच्या जागी

टिपर विकला, तरी तेलाचा डाग सुर्लच्या शेडमध्ये आहेच.
डागावर भुसा, भुशावर चाळीस पिल्ले,
वर लोंबता बल्ब.
वीज गेली की जुन्या बॅटरीवर
टिपरचाच हेडलाइट.

पहिल्या रात्री मी वर्तमानपत्र अंथरलं होतं.
'खाणी लवकरच सुरू होणार', या बातमीवरून
एक पिल्लू घसरलं ते घसरलंच.
सकाळी पोटावर पडलेलं, पाय दोन दिशांना,
एक पाळीकडे, एक साखळीकडे.
रुक्मा म्हणाली, "गेलं हे."
मी टूलबॉक्समधून वायरिंगची काळी टेप काढली,
आत कापूस घालून, कातडीला चिकटू नये म्हणून,
दोन पायांत बोटभर अंतर ठेवून बेडी घातली.
पाणी पाजताना चोचीचं टोक तेवढं बुडवायचं,
नाकपुड्या वर.
बातमी काढली, गोणपाट घातलं.
पाचव्या दिवशी टेप कापली.
चाललं.
माझ्या जुन्या क्लीनरसारखं, झोकांड्या खात,
पण चाललं.

मागची वाट बुजणं हे वेगळं दुखणं.
पिल्लू पिसं फुगवून, डोळे मिटून
कोपऱ्यात उभं राहतं, दाण्यासाठी भांडत नाही.
सुकलेली घाण ओढायची नाही. ओढली तर कातडी येते.
(हे मी ओढून शिकलो.)
कोमट पाणी, कापूस, भिजेपर्यंत थांबणं.
बावीस वर्षं चाकाचे नट आवळलेले हात हे;
इतकं हळू काही धरायचं असतं
हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.
पुसायचं, खोबरेलाचं बोट फिरवायचं, बल्बखाली ठेवायचं.
रुक्मा दारातून बघते.
"गौरेशला कधी धुतलं होतंस असं?"
तेव्हा दिवसाला आठ ट्रिपा होत्या.
मी कापूस पिळत राहतो.

बल्ब किती वर बांधायचा ते पिल्लेच सांगतात.
खाली गठ्ठा करून ओरडली, तर थंडी.
भिंतीला लागून चोची उघड्या, तर उकाडा.
आणि सगळीकडे पसरून, माना टाकून, मेल्यासारखी झोपली
तर सगळं ठीक.
पहिल्यांदा तशी पाहून
मी एकेकाला बोटाने उठवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात पाण्याचं भांडं कलंडलं,
मी डिचोलीला, बँकेत.
भुसा दोन दिवस ओला राहिला,
वरून कोरडा दिसला म्हणून मी हात घातला नाही.
मग विष्ठेत लाल.
हा लाल मला ओळखीचा होता.
डंपवरून ओहोळात, ओहोळातून आमच्या शेतात
असाच गुपचूप उतरायचा.
तेव्हाही मी वरवर पाहिलं होतं,
माझा टिपर डंपवर होता.

साखळीच्या दवाखान्यात मिस्कीता डॉक्टरीण
कागदावरचा नमुना चष्मा वर करून बघत म्हणाली,
"रक्ती हगवण. पुडी पाण्यातून द्या,
दुसरं पाणी समोर नको.
आजारी वेगळी काढा.
आणि भुसा बदला हो,
नाहीतर औषध पाजून काय उपयोग?"

रात्रभर फावड्याने उपसला.
खाली तेलाचा डाग, जसाच्या तसा.

सात गेली.
फणसाखाली खोल पुरली, वर चुना,
कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड.
रुक्माने मोजली नाहीत, मी मोजली.
बेडीवालं त्यात नव्हतं.

आज राणीखेतचा दुसरा थेंब.
डोळ्यात एकेक, थंड पेटीतून काढल्यावर लगेच.
सतरावं पिल्लू मुठीत होतं
तेव्हा कंत्राटदाराचा फोन आला,
कितीतरी वर्षांनी.
"टिपर आहे का रे अजून?"
रुक्माने फोन माझ्या कानाला धरलेला.
थेंब डोळ्यावर तसाच, गोल, थरथरता.

"थांब जरा," मी म्हटलं,
"डोळा मिटू दे त्याचा."